साधा, टिकट की एमसीएस: कर्नलमध्ये स्पिनलॉक कुठला घालावा?

भाचा जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून त्याने रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर चालणारं छोटंसं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा (ओएसचा) गाभा, लिहायला घेतलंय. परवा त्याचा फोन आला, "मामा, स्पिनलॉक कुठला टाकू? साधा, टिकटवाला की एमसीएस?" स्पिनलॉक म्हणजे सामायिक डेटाला एका वेळी एकाच कोअरने (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र गणकाने) हात लावावा म्हणून घातलेलं कुलूप; ते सुटेपर्यंत बाकीचे पुन्हा पुन्हा बघत तिथेच फिरत राहतात. मी तेव्हा चक्कीवर होतो, कळण्याचं (मिश्र धान्याचं) दळण घेऊन. आत येणारी प्रत्येक बाई आधी एकच विचारत होती, "शेवटला डबा कोना शे?" उत्तर मिळालं की त्यामागे आपला डबा सरकवायचा. पुढचीचं दळण झालं की तीच मागचीला हाक मारते. एमसीएस म्हणजे नेमकं हेच, असं मी त्याला तिथूनच ओरडून सांगितलं. चक्कीच्या आवाजात त्याला काय कळलं कोण जाणे, म्हणून इथे सविस्तर लिहितो. (डबा ठेवून घरी निघून जाणारी म्हणजे म्युटेक्स, झोपून वाट बघायला लावणारं कुलूप. स्पिनलॉकमध्ये घरी जायची सोय नाही, लॉक सुटेपर्यंत कोअर तिथेच ताटकळतो.)

आधी एक गोष्ट. लॉकवर गर्दीच नसेल तर तिघांत निवडण्यासारखं फार काही नाही. घेताना एक अ‍ॅटॉमिक सूचना (मध्ये कुणी शिरू शकत नाही अशी) लागते, सोडताना साध्या आणि टिकटमध्ये नुसतं लिहिणं. एमसीएसला सोडतानाही एक अ‍ॅटॉमिक लागते, म्हणजे रिकाम्या चक्कीवर तोच थोडा जड. खरा फरक पडतो तो गर्दीत.

साध्या लॉकमध्ये, म्हणजे टेस्ट-अँड-सेटमध्ये, रांग नसते. लॉकच्या शब्दात १ टाकून बघायचा, आधीचं ० हाती आलं तर लॉक आपलं. पण असा प्रत्येक प्रयत्न ती ६४ बाइटची कॅशे लाइन (कॅशे म्हणजे कोअरजवळची वेगवान मेमरी, लाइन म्हणजे तिच्यातला एक तुकडा) स्वतःकडे ओढून घेतो. चार कोअर ओढत बसले की ज्याच्याकडे लॉक आहे त्यालासुद्धा लॉक सोडण्यासाठी तीच लाइन मिळवायला झगडावं लागतं. उपाय सोपा आहे: आधी नुसतं वाचत राहायचं, ० दिसल्यावरच हात घालायचा, आणि चुकलं तर थोडं थांबून पुन्हा. तरी न्याय नाहीच. ज्याच्या कॅशेत लाइन ताजी आहे तोच पुन्हा पुन्हा जिंकतो. लिनक्समध्ये निक पिगिन यांनी टिकट लॉक आणला तेव्हा कारण हेच दिलं होतं. आठ कोअरच्या ऑप्टेरॉन प्रोसेसरवाल्या मशीनवर काही थ्रेड्सना (एकाच वेळी चालणाऱ्या कामांना) दहा लाख वेळांपर्यंत डावललं जात होतं.

तो टिकट लॉक २००८ साली लिनक्सच्या २.६.२५ आवृत्तीत आला. आलात की नंबर घ्या, फलकावर आपला नंबर लागला की पुढे व्हा. अमलात आणायला दहा-बारा ओळी, आणि न्याय शंभर टक्के. गोची फलकात आहे, कारण सगळे त्याच एका फलकाकडे बघतात. नंबर बदलला की प्रत्येक वाट बघणाऱ्याच्या कॅशेतली प्रत बाद होते आणि सगळे एकदम नवी प्रत मागायला धावतात. ज्याचा नंबर लागलाय त्याची मागणीही त्याच गर्दीत. म्हणजे लॉक एकाकडून दुसऱ्याकडे जायचा वेळच वाट बघणाऱ्यांच्या संख्येबरोबर वाढतो. वेळ वाढला की रांग वाढते, रांग वाढली की वेळ आणखी वाढतो. त्यामुळे वेग हळूहळू न उतरता एकदम कोसळतो. एमआयटीतल्या चौघांनी २०१२ मध्ये ४८ कोअरच्या मशीनवर हे लिनक्समध्येच दाखवलं. लॉकखालचं काम चिमूटभर असलं तरी, ठराविक मर्यादेपुढे दोन-चार कोअर वाढवले की एकूण काम वाढायच्या ऐवजी घटत होतं.

त्या चौघांत फ्रान्स काशोक आणि रॉबर्ट मॉरिस होते. गंमत अशी की याच दोघांच्या शिकवण्याच्या कर्नलमध्ये, एक्सव्ही-सिक्समध्ये, आजही साधा टेस्ट-अँड-सेट लॉक आहे. त्यांना ठाऊक नाही असं कोण म्हणेल? काम कुठलं, त्याप्रमाणे लॉक.

एमसीएस १९९१ चा, जॉन मेलर-क्रमी आणि मायकेल स्कॉट यांचा. इथे प्रत्येक कोअर स्वतःचा नोड (चक्कीवरच्या डब्यासारखी मेमरीतली छोटी नोंद) आणतो, रांगेच्या शेपटाशी अदलाबदल करून पुढच्याशी जोडून घेतो आणि फक्त स्वतःच्या नोडवर फिरत राहतो. लॉक सोडणारा एकाच कॅशे लाइनला हात लावतो. रांगेत पाच असोत वा पन्नास, हस्तांतराचा खर्च तोच. याचा चुलतभाऊ सीएलएच. त्यात हाक मारत नाहीत, मागच्याने पुढच्याच्या डब्याकडे बघत राहायचं.

मग लिनक्सच्या कर्नलने सरळ एमसीएस का नाही घेतला? लिनक्सच्या असंख्य स्ट्रक्चर्समध्ये स्पिनलॉक चार बाइटचा धरलेला आहे आणि एमसीएसचा पॉइंटरच (शेपटाच्या नोडचा मेमरीतला पत्ता) आठ बाइटचा. २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत आलेल्या क्यूस्पिनलॉकने पॉइंटर सोडला आणि शेपटाच्या कोअरचा क्रमांक त्याच चार बाइटांत कोंबला. नोड प्रत्येक कोअरपाशी चार, आधीच ठेवलेले: साधं काम, सॉफ्ट इंटरप्ट, हार्ड इंटरप्ट (इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवून मध्ये शिरणारं काम) आणि एनएमआय (थोपवता न येणारा इंटरप्ट), कारण एका कोअरवर एकात एक शिरून याहून जास्त वेळा लॉकसाठी थांबायची वेळ सहसा येत नाही. मला त्यातला पेंडिंग बिट सगळ्यात आवडतो. वाट बघणारा पहिलाच असेल तर तो रांगेत जातच नाही, एक बिट लावून दाराशी उभा राहतो. दोघांच्या भांडणात रांगेचा खर्च पडत नाही.

दोन-चार सॉकेटच्या (म्हणजे तितके वेगळे प्रोसेसर बसवलेल्या) सर्व्हरवर आणखी एक सुधारणा करता येते: लॉक शक्यतो त्याच सॉकेटमध्ये फिरवायचा, कारण दुसऱ्या सॉकेटमधून लाइन आणणं महाग. चक्कीवालाही गव्हावर गहू दळतो, ज्वारीवर ज्वारी. माझा कळणा मात्र त्यात मागे राहतो.

आता भाच्याच्या खऱ्या अडचणीकडे. तो हे कर्नल चालवणार क्यूईएमयूमध्ये (दुसऱ्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम), लॅपटॉपवर. तिथले चार कोअर म्हणजे लॅपटॉपच्या ओएसला चार थ्रेड, आणि ती वाटेल तेव्हा कुणालाही बाजूला बसवते. लॉक हातात असलेला बसवला तर तिन्ही प्रकार अडकतात. पण टिकट आणि एमसीएसमध्ये रांगेत पुढचा नंबर असलेला बसवला तरी सगळं ठप्प: चक्की मोकळी, नंबरवाली चहाला, मागच्या दहा जणी हात बांधून उभ्या. साध्या लॉकमध्ये जी हजर तिचं दळण होतं. मी जुन्या चार कोअरच्या लॅपटॉपवर छोटा प्रोग्राम लिहून बघितला. चार थ्रेडपर्यंत फरक डोळ्याला दिसेना, आठ केले तर टिकटवाला जागीच बसला आणि पंखा घों-घों करायला लागला. लिनक्सलाही हे कळतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत आणि हायपरव्हायझरची (ती मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामची) मदत नाही असं दिसलं की क्यूस्पिनलॉक न्याय गुंडाळून टेस्ट-अँड-सेटवर येतो. मदत असेल तर थोडं फिरून झोपतो आणि पाळी आल्यावर त्याला उठवतात.

तेव्हा माझा कौल असा. क्यूईएमयूवरच्या प्रोजेक्टला साधा लॉक, आधी वाचून मग हात घालणारा. खऱ्या चार-आठ कोअरच्या बोर्डावर टिकट; एवढ्या कमी ओळींत एवढा न्याय दुसरीकडे नाही. कोअर याहून बरेच जास्त आणि लॉक खरोखर तापलेला, म्हणजे सतत गर्दीचा असेल, तरच एमसीएस. आणि तापलाय की नाही हे अंदाजाने ठरवू नये. लिनक्सवर असाल तर पर्फ किंवा लॉकस्टॅट ही मोजमापाची साधनं लावून बघा. बरेचदा लॉक बदलण्यापेक्षा त्याखालचं काम निम्मं केलं तर जास्त फरक पडतो.

भाच्याला एकच तजवीज आत्ता करायला सांगितली आहे. एमसीएसला लॉक घेताना आणि सोडताना नोड हाती द्यावा लागतो, बाकी दोघांना नाही. उद्या खरा बोर्ड मिळाला आणि लॉक बदलायचा झाला तर शंभर ठिकाणी हात घालावा लागेल. नोड प्रत्येक कोअरपाशी ठेव आणि फंक्शन आतूनच तो उचलेल असं लिही, म्हटलं. तो म्हणाला, बघतो मामा, आधी लॉक हातात असताना इंटरप्ट चालू राहून कर्नल लटकतंय ते सोडवतो.