तीन ऑक्टोबरची अपॉइंटमेंट आणि आमचे ६,३८,५०० रुपये

सहा लाख अडतीस हजार पाचशे. एवढे पैसे मी स्वतःच्या हातानं एका माणसाला दिले आणि हा आकडा आजवर सख्ख्या भावालाही सांगितलेला नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. सरकारी कागद आला की गावातले लोक वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. लिहायला इतके दिवस लागले ते त्यामुळेच.

मुलगा युक्रेनमध्ये खारकिव्हला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होता. २४ फेब्रुवारी २०२२ नंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १ मार्चला कर्नाटकातला एक विद्यार्थी तिथल्या तोफमाऱ्यात गेला, तेव्हा माझा मुलगा त्याच शहरात एका तळघरात होता. दुसऱ्या दिवशी दूतावासाचा निरोप आला, चालत का होईना, शहराबाहेरचं पिसोचिन गाठा. तो चालत गेला. पुढे पोलंड आणि तिथून सीनिअर मुलांबरोबर जर्मनी. विमानानं घरी येऊ का, असं त्यानं विचारलं होतं. मीच म्हणालो, थांब तिकडेच. परत आला असता तर शिक्षण तिथेच संपत होतं, कारण आपल्याकडच्या कॉलेजांत या मुलांना घेणार नाहीत असं दिसत होतं. माझ्या जागी दुसरा बाप काय म्हणाला असता?

एजंट ओळखीतला. नीटच्या क्लासेसच्या गल्लीत ऑफिस, मुलं परदेशी पाठवायचा धंदा. मे महिन्यात त्याचाच फोन आला. "गुरुजी, युक्रेनहून आलेल्यांना जर्मनीत कलम २४ खाली राहायचा परवाना मिळतोय. परवाना आणि तिकडच्या मेडिकलला ट्रान्सफर, दोन्ही माझ्यावर सोडा."

यातलं अर्धं खरं होतं. ४ मार्च २०२२ ला युरोपीय संघानं तात्पुरतं संरक्षण लागू केलं होतंच, जर्मनीत ते याच कलम २४ खाली मिळतं. पण ते युक्रेनच्या नागरिकांना, तिथे आधीपासून आश्रय मिळालेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना. तिथे नुसता शिकायला गेलेला आणि स्वतःच्या देशात सुखरूप परतू शकणारा विद्यार्थी त्यात आपोआप बसत नाही. त्याच्यासाठी विद्यार्थ्याचा वेगळा परवाना असतो. त्याला विद्यापीठाचा प्रवेश लागतो, वर्षाच्या खर्चाची रक्कम दाखवावी लागते (त्या वर्षी १०,३३२ युरो), आणि सरकारी विद्यापीठांत मेडिकल जर्मनमधूनच शिकवतात. माझ्या मुलाला जर्मनचा एक धडाही झालेला नव्हता. हे मला त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर!

३० मे ला नोंदणीचे २५,००० रोख दिले. १४ जूनला 'फाइल'चे १,८५,००० एनईएफटी केले. युक्रेनहून आलेल्यांना परवान्याशिवाय राहायची मुभा तिकडे ३१ ऑगस्टपर्यंत होती. त्याच्या आत अर्ज पडला तर निकाल लागेपर्यंतचं राहणं कायदेशीर धरतात. एजंट म्हणाला, अर्ज टाकलाय, मुलाला तिथल्या परवान्याच्या कचेरीकडे फिरकू देऊ नका, दोन अर्ज दिसले तर दोन्ही बाद करतील. अर्ज कधी टाकलाच नव्हता. १ सप्टेंबरपासून माझा मुलगा तिथे बेकायदा राहत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. अर्जाची पोच मुलाच्या स्वतःच्या हातात किंवा मेलवर आल्याशिवाय कोणालाही पुढचा पैसा देऊ नका.

६ सप्टेंबरला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं पत्र काढलं की युक्रेनच्या मुलांनी मोबिलिटीखाली, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात जाऊन, शिकायला हरकत नाही, पदवी मूळ युक्रेनी विद्यापीठाची राहील. एजंटनं ते पत्र लगेच मला पाठवलं. सरकारचंच पत्र, मग शंका कशाला घ्यायची? ८ तारखेला त्या कचेरीतल्या 'अपॉइंटमेंट'चे १८,५०० बँकेतून दिले. ही अपॉइंटमेंट तिकडे फुकट मिळते. परवान्याची फी १०० युरो, तीही कचेरीतच भरायची.

२० सप्टेंबरला व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली. वर गरुड, खाली गोल शिक्का, मध्ये मुलाचं नाव. सोमवार, ३ ऑक्टोबर, सकाळी ९:१५. मुलगा ज्या आजींच्या घरी राहत होता त्यांनी कागद हातात घेतला आणि तारखेवर बोट ठेवलं. म्हणाल्या, हा सुट्टीचा दिवस आहे. खरंच होतं. ३ ऑक्टोबर हा जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, देशभर सगळं बंद. मुलानं रात्री मला सांगितलं, मी लगेच एजंटला विचारलं. तो म्हणाला, "युक्रेनवाल्यांचा स्पेशल काउंटर आहे, गुरुजी." आणि मी मुलाला सांगितलं, म्हाताऱ्या माणसांना कुठे सगळं माहीत असतं.

हे वाक्य मला आजही झोपू देत नाही. २६ जानेवारीला तहसीलमध्ये काम होईल असं इथे कोणी म्हणालं असतं तर त्याला मी दारात उभं केलं नसतं. शाळेच्या सुट्ट्यांची यादी दरवर्षी मीच लिहितो. आजींचं ऐकलं असतं तर चार लाख दहा हजार वाचले असते, कारण ते मी त्यानंतर दिले. २६ सप्टेंबर, घटस्थापना. एजंट म्हणाला, 'ब्लॉक खात्याचा (वर्षाच्या खर्चाची रक्कम ठेवायच्या खात्याचा) कागद सोबत लागतो, अर्धे तुम्ही भरा, अर्धे माझा पार्टनर भरेल.' बायकोच्या पाटल्या आणि गंठण गहाण टाकून त्याच्या चालू खात्यात भरले. ब्लॉक खातं विद्यार्थ्याच्याच नावानं, त्याच्याच पासपोर्टवर निघतं. तिसऱ्याच्या खात्यात पैसे भरून ते निघत नाही, कधीच नाही.

अष्टमीच्या दिवशी मुलानं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन काचेच्या दाराला टेकवला. आत अंधार. एका खुर्चीच्या पाठीवर कोणाचं तरी जांभळं स्वेटर. बाहेर तो एकटाच, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. "पप्पा, बंद आहे." बायको माझ्या मागे उभी होती.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी म्हणाले, जर्मनीत घडलंय, आमची हद्द नाही. अहो, पैसे इथल्या बँकेतून इथल्या बँकेत गेलेत, घेणारा इथला, देणारा इथला, जर्मनी कुठे आली यात? मग म्हणाले, हा व्यवहाराचा वाद, कोर्टात जा. चौथ्या दिवशी, "गुरुजी, तुम्ही शिकलेले लोक..." पुढचं ऐकून घेतलं, काय करणार. गुन्हा नोंदवलाच नाही, नुसता अर्ज 'चौकशीवर'. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी आठ दिवसांनी फोन केला, तोवर खातं रिकामं होतं. तुम्ही त्याच तासाला करा. परदेशातल्या आपल्या कचेरीला चार मेल केले, चारही वेळा तेच आपोआप येणारं उत्तर. परराष्ट्र खात्याची एजंटांची नोंदणी पाहिली तर ती नोकरीला पाठवणाऱ्यांची, शिकायला पाठवणारे तिच्यात येतच नाहीत.

आणि सर्वांत वाईट हे. एजंटनं ४०,००० चा चेक दिला, तो परत आला. मी नोटीस पाठवायला निघालो तर त्याच साहेबांनी थांबवलं, "देतो म्हणतोय ना, कशाला ताणता." चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते. ते ३० दिवस साहेबांच्या शब्दावर गेले. असं सांगायला कोणी पगार घेतं का?

मुलाला खरं काय ते तिथल्या एका मोफत सल्ला केंद्रात दहा मिनिटांत कळलं. आम्ही मे मध्येच तिथे गेलो असतो तर! देश सोडायच्या मुदतीचा कागद घेऊन तो नोव्हेंबरात परत आला. पुढे जॉर्जियातल्या विद्यापीठाला त्यानं स्वतः मेल केले, मोबिलिटीचे कागद स्वतः जमवले. एजंट लागला नाही.

त्या माणसाचं ऑफिस त्याच गल्लीत आहे, पाटीवरचं नाव तेवढं बदललं. ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर तीच तक्रार रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, हे मला एका वकिलानं सांगितलं, पोलिसांनी नाही. माझ्याकडे २५,००० ची हातानं लिहिलेली पावती, तीन बँक व्यवहारांचे उतारे आणि ती पीडीएफ आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोस्टात जातोय. याच पद्धतीनं कोणाचे पैसे गेले असतील तर पावत्या फाडू नका, चॅट पुसू नका, आपले अर्ज एकत्र जाऊ द्या.