गुडघेदुखीचा वर्ग: व्यायामाआधी समजुतींची विचारपूस

माझ्या ७१ वर्षांच्या आईला घेऊन मी पुण्यातील एका फिजिओथेरपी केंद्रात, गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी चालणाऱ्या आठ आठवड्यांच्या वर्गाला गेले. त्याआधीची दोन वर्षे आईने चालणे जवळजवळ सोडले होते. ‘गुडघ्यातले वंगण संपले आहे, आता उरलेले जपून वापरायचे,’ असे ती म्हणे. एक्स-रे पाहताना एका डॉक्टरांनी ‘हाडावर हाड घासते आहे’ असे सांगितल्यापासून तर जिन्याच्या प्रत्येक पायरीला तिला हाड झिजत असल्याचेच जाणवू लागले होते.

पहिल्या दिवशी व्यायाम झालाच नाही. फिजिओथेरपिस्ट ताईंनी प्रत्येकाला विचारले, ‘तुमच्या गुडघ्यात नेमके काय झाले आहे, असे तुम्हाला वाटते?’ कोणी म्हणाले वात धरला, कोणी म्हणाले तिसऱ्या मजल्यावर राहिल्याने झिज झाली, आणि एक आजोबा शांतपणे म्हणाले, ‘वय झाले, याला आता इलाज नाही.’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेन्थल यांच्या मांडणीनुसार आजाराचे नाव काय, तो कशाने झाला, किती काळ राहील, त्याचे परिणाम काय आणि तो आटोक्यात येईल का, याविषयी प्रत्येक माणसाच्या मनात एक चित्र असते व त्याचे वागणे त्या चित्रानुसार ठरते. आईचे तसेच झाले होते: झिजेल म्हणून चालायचे नाही, चालले नाही म्हणून मांडीचे स्नायू दुबळे झाले, आणि दुबळ्या स्नायूंमुळे गुडघा अधिक दुखू लागला.

ताईंनी ‘वंगण’ हा शब्द खोडून काढला नाही, हे मला फार आवडले. कूर्चेला, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, सांध्यावर भार येतो आणि सुटतो तेव्हा सांध्यातील द्रव तिच्यात झिरपून तिचे पोषण होते, त्यामुळे हालचाल थांबवली तर हे पोषणच कमी पडते, असे त्यांनी त्याच शब्दाचा आधार घेऊन समजावले. एक्स-रेमध्ये पुष्कळ झीज दिसूनही काहींना फारसे दुखत नाही आणि थोडी झीज असलेले काही जण वेदनेने बेजार होतात, हे ऐकल्यावर आईने आपला एक्स-रे पुन्हा पाकिटात ठेवला.

व्यायाम साधे होते. खुर्चीवरून हात न टेकता उठणे, बुटक्या पायरीवर चढ-उतार, भिंतीला धरून तोल सांभाळणे. वेदनेला शून्य ते दहा असे गुण दिले तर पाचपर्यंत दुखले तरी चालेल, मात्र ते २४ तासांत पूर्वपदावर यायला हवे, हा नियम आईला सर्वांत उपयोगी पडला, कारण दुखणे म्हणजे इजाच, हे तिचे समीकरण त्याने मोडले. डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या, गुडघे आणि खुब्यांच्या झिजेसाठीच्या ‘ग्लॅड’ कार्यक्रमाचाही क्रम असाच आहे: आधी माहिती, मग देखरेखीखालील व्यायामाची १२ सत्रे.

एका बाबतीत मात्र हा वर्ग कमी पडला. निर्गुडीच्या तेलाचा विषय निघाला तेव्हा ‘त्याने काही होत नाही’ एवढेच तुटक उत्तर मिळाले आणि विचारणाऱ्या आजी नंतर फारशा बोलल्या नाहीत. तेल लावल्याने झीज भरून निघत नसली, तरी शेक आणि मालिश यांनी अनेकांना तात्पुरते बरे वाटते, आणि घरातल्या कोणाचा तरी हात गुडघ्यावरून फिरतो, यालाही त्या वयात मोल असते; ते व्यायामाच्या जोडीला चालू ठेवा, असे सांगता आले असते. शिवाय वर्ग पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, आणि घरी करायच्या व्यायामांच्या पत्रकातील अक्षर चष्मा लावूनही वाचता येणार नाही इतके बारीक आहे.

आईचा गुडघा आजही दुखतो आणि मांडी घालून बसणे तिला जमत नाही. पण ती रोज मंडईपर्यंत चालत जाते आणि निघताना ‘वंगण फिरवून येते’ असे सांगते. गुडघा सुजून गरम झाला असेल, सोबत ताप असेल किंवा पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, तर अशा वर्गात नाव घालण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. या केंद्रात नोंदणीच्या वेळीच तशी विचारणा होते.