कास पठारावरील चराई आणि रानफुलांची मार्गदर्शित फेरी: एक परीक्षण

साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कास पठारावर ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत फुले पाहण्यासाठी मोठी गर्दी होते. परंतु ही फुले याच कातळावर इतकी वर्षे कशी टिकली आणि पुढे टिकण्यासाठी काय करावे लागेल, हे समजावून सांगणारी सेवा तिथे फारशी मिळत नाही. परिसरातील काही तरुण आणि आयुष्यभर गुरे राखलेले एक वयस्क गृहस्थ मिळून हंगामात सकाळची जी पायी फेरी घडवतात, ती ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. गुरांची चराई, रानफुले आणि त्या फुलांवर येणारे रानटी परागवाहक कीटक यांचा परस्परसंबंध हा या फेरीचा विषय आहे. गट लहान आहे, त्यांची पाटी नाही की जाहिरात नाही, आणि मला आढळलेल्या उणिवाही मी येथे मोकळेपणाने मांडणार आहे, म्हणून त्यांचे नाव देत नाही.

फेरीची सुरुवात चालण्याने नव्हे, तर बसून ऐकण्याने होते, आणि ते योग्यच आहे. पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर असून जांभ्याच्या कातळावर मातीचा थर कुठे वितभर, तर कुठे बोटभरच आहे. २०१२ साली पश्चिम घाटाला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले, त्यात कासचा समावेश झाला. पुढे पर्यटकांचे पाय आवरण्यासाठी पठाराच्या मोठ्या भागाला लोखंडी जाळीचे कुंपण घालण्यात आले. त्या कुंपणाने माणसे थांबली, तशी गुरेही थांबली. आत उंच गवत माजते आहे आणि लहान फुले मागे हटत आहेत, अशी तक्रार ग्रामस्थांनी आणि काही अभ्यासकांनी केली. बरीच चर्चा झाली आणि अखेर कुंपण काढण्यात आले. हा इतिहास पुष्कळांना बातम्यांपुरता ठाऊक असतो. फेरीत तो जमिनीवर उभे राहून कळतो, आणि माझ्या दृष्टीने या सेवेचे खरे मोल तिथेच आहे.

पहिला मुक्काम शेजारी शेजारी असलेल्या दोन तुकड्यांवर होतो. एका तुकड्यावरून गुरांची जुनी वाट जाते, दुसऱ्याकडे बऱ्याच काळात जनावर फिरकलेले नाही. वाटेलगतच्या तुकड्यात गवत घोट्याच्याही खाली होते आणि त्यातून गेंदाची पांढरी बोंडे, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले आणि मधून मधून तेरडा मोकळेपणाने वर आला होता. दुसऱ्या तुकड्यात गवत गुडघ्यापर्यंत पोहोचलेले. ते हाताने दुभंगून पाहिले तर खाली गेल्या वर्षीच्या वाळक्या काड्यांची गादी दिसली, आणि त्या गादीतून सीतेच्या आसवांची तुरळक, फिकट, लांबुळकी देठे उजेडाकडे मान ताणून उभी होती. या वनस्पती मुळात गरीब जमिनीच्या. सीतेची आसवे तर मातीत नायट्रोजन कमी म्हणून मुळांसारख्या तंतूंवरच्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडतात. अन्नद्रव्यांच्या तुटवड्यात तग धरणे त्यांना साधते. सावली मात्र सोसत नाही. गवत वेळच्या वेळी खाल्ले गेले नाही, तर ते या वनस्पतींचा उजेड हिरावून घेते, हे तिथे कोणत्याही तक्त्याविना पटते.

मात्र एवढ्यावरून ‘गुरे सोडा, फुले वाढतील’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. गुरे राखलेल्या त्या वयस्क गृहस्थांनी, म्हणजे सर्वांच्या मामांनी, हे ज्या पद्धतीने सांगितले, ती मला फार आवडली. सोबतच्या एका तरुणाने विचारले, “मग मामा, सगळं पठार गुरांना मोकळं करायचं का?” त्यावर ते म्हणाले, “तसं न्हवं बाळा. दसऱ्याच्या आत गुरं हिकडं वळवायची न्हाईत, असं आमचे थोरले सांगायचे. बी पडू दे, मग वाळकं खाऊ दे.” पठारावरच्या पुष्कळ फुलझाडांचे आयुष्य एका पावसाळ्याचे असते. बी रुजते, रोप वाढते, फुलते, बी टाकते आणि वाळून जाते; पुढच्या वर्षाची सारी भिस्त मातीत पडलेल्या बियांवर. अशा झाडाचे फूल सप्टेंबरात खुडले गेले, तर केवळ त्या दिवशी आलेली मधमाशी उपाशी जात नाही, पुढच्या वर्षीचे रोपही जाते. उलट बी पडून गेल्यावर, कार्तिकात, तेच जनावर वाळके गवत खाऊन जमीन उघडी करते आणि पुढच्या पावसात बारीक बियांना उजेड मिळतो. चराई फुलांना तारक की मारक, हे महिन्यावर आणि गुरांच्या संख्येवर ठरते. कुंपणाच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे बहुतेक जण नेमकी हीच गोष्ट सोडून बोलत आले आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कोणते जनावर चरते, यानेही फरक पडतो आणि फेरीत तो नीट उलगडून सांगितला जातो. गाय-म्हैस जिभेने गवताचा झुबका ओढून तोडते, त्यामुळे अगदी बुंध्यालगतचा भाग शिल्लक राहतो. मेंढी दातांनी जमिनीलगत खुरटते आणि कोवळी पाने-फुले निवडून खाते. शेळी झुडपांचे शेंडे खुडते. म्हशींचा प्रश्न निराळा आहे: त्या पाण्यात बसतात, आणि पठारावरच्या उथळ डबक्यांत वायतुऱ्यासारखी, जगात फार थोड्या जागी उगवणारी वनस्पती वाढते. सह्याद्रीच्या या पट्ट्यात गवळी धनगर पिढ्यान्पिढ्या म्हशी राखत आले आहेत, म्हणून म्हशींबद्दल बोलताना माणसांबद्दलही बोलावे लागते. मार्गदर्शकांनी तो विषय दोषारोप न करता हाताळला.

आता कीटकांकडे वळते. फेरीच्या विषयात त्यांना बरोबरीचे स्थान आहे, आणि माझे कुतूहलही त्यांच्यासाठीच अधिक होते. वाटेच्या कडेला पावसाने कापलेली मातीची एक हातभर उंच दरड आहे. तिच्यात पेन्सिलीच्या जाडीची भोके होती. ऊन वर आल्यावर त्यांतल्या एका भोकाशी पोटावर निळसर चमकदार पट्टे असलेली एक माशी, म्हणजे रानटी मधमाशी, येऊन हवेत क्षणभर एका जागी तरंगली आणि आत शिरली. आपल्या ओळखीच्या सातेरी किंवा आग्या मधमाशीसारखी ती पोळे करून राहत नाही. प्रत्येक मादी मातीत स्वतंत्र बीळ कोरते, त्यात पराग आणि मध साठवते आणि त्यावर अंडे घालते. जगातल्या रानमाश्यांच्या बहुसंख्य जाती अशाच जमिनीत घरटी करतात. गुरांचा संबंध इथे थेट येतो. गवताची गादी साचलेल्या जमिनीत या माश्यांना बीळ कोरता येत नाही, म्हणून थोडी उघडी माती त्यांना हवी असते आणि ती गुरांच्या वावराने तयार होते. पण कळप रोज त्याच दरडीवरून चढू-उतरू लागला, की बिळे ढासळतात, माती खुरांखाली घट्ट दाबली जाते आणि आत वाढणारी पिढी गाडली जाते. दरडीच्या एका टोकाला हे घडलेलेही पाहायला मिळाले: खुरांचे खोल ठसे, त्यांत साचलेले पाणी, आणि एकही भोक नाही.

ही निळ्या पट्ट्यांची माशी आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. काही फुलांचे परागकोश उभे फाटत नाहीत, त्यांना टोकाशी बारीक छिद्र असते आणि पराग झटकल्याशिवाय बाहेर पडत नाही. अशा फुलाला बिलगून ही माशी पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवते आणि पराग उडतो. सातेरीला ही क्रिया जमत नाही. वाटेकडेच्या टाकळ्याच्या पिवळ्या फुलावर मार्गदर्शकांनी ती ऐकवली. नेहमीच्या गुणगुणण्यापेक्षा वरच्या पट्टीतला, तुटक आवाज होता. मधपेट्या ठेवल्या म्हणजे परागीभवनाची चिंता मिटली, असा समज महाबळेश्वर-जावळीच्या मधाच्या मुलखातही आढळतो. मधपाळांविषयी मला आदर आहे, परंतु पाळीव वसाहती रानमाश्यांची जागा भरून काढू शकत नाहीत, हे या एका फुलावरून कळते.

टाकळ्याचा उल्लेख आला म्हणून सांगते, गुरे त्याला तोंड लावत नाहीत. चराई वाढली की चवदार झाडे कमी होतात आणि टाकळा, रानमोडी, घाणेरी अशी न खाल्ली जाणारी झाडे पसरतात. दुरून पाहणाऱ्याला पिवळे-जांभळे रंग दिसतात आणि सारे आलबेल वाटते. त्यावर काही फुलपाखरेही येतात. परंतु कवळ्याच्या फुलात खालची पाकळी दाबून पराग पोटाला लावून घेणाऱ्या माशीला किंवा सेरोपेजियाच्या कंदिलासारख्या फुलात काही काळ अडकून पडणाऱ्या चिमुकल्या माशीला घाणेरीचा काय उपयोग? फुलांची एकूण संख्या मोजून वनाचे आरोग्य ठरवता येत नाही, फुलांचे प्रकार मोजावे लागतात.

फेरीचा शेवटचा टप्पा पठाराच्या कडेने रानात उतरतो, आणि तो घाईने उरकला जातो. वास्तविक चराईचा परिणाम रानात अधिक खोल असतो, कारण तिथे तो एका हंगामात दिसत नाही. जांभूळ, हिरडा यांची रोपे वर्षानुवर्षे खुडली व तुडवली गेली, तर आजची मोठी झाडे फुलत राहतात आणि पुढची पिढी तयारच होत नाही. पठारावरचा फुलोरा आटोपल्यावर, उन्हाळ्यात मधमाश्यांना हीच झाडे पोसतात. वाळक्या, भेंडाळ काड्यांत घर करणाऱ्या छोट्या माश्याही याच कडेच्या झुडपांत राहतात. हे सगळे चालता चालता दोन वाक्यांत सांगून झाले. इथे निदान अर्धा तास थांबायला हवे होते.

दुसरी उणीव वेळेची आहे, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. गर्दी टाळण्यासाठी फेरी अगदी पहाटे सुरू होते. धुके असते, फुलांवर दव असते, छायाचित्रे उत्तम येतात. पण थंड, ओल्या हवेत माश्या उडत नाहीत. ऊन पडून हवा तापल्यावर कीटकांची खरी वर्दळ सुरू होते, आणि नेमकी तेव्हा फेरी आटोपत येते. आमच्या वेळी दरडीजवळ माशी दिसली ती आम्ही काही जण हट्टाने मागे रेंगाळलो म्हणून. परागवाहकांचे नाव घेणाऱ्या फेरीने नऊच्या सुमारास निघावे किंवा किमान तासभर तरी लांबावे, अशी सूचना मी आयोजकांना केली आहे.

तिसरी बाब मामांच्या त्या दसऱ्याच्या नियमाची. तो त्यांच्या वाडीचा अनुभव आहे आणि मोलाचा आहे. मात्र सोबतचे तरुण मार्गदर्शक तोच नियम संपूर्ण सह्याद्रीला लावून बोलत होते. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळपठारांवर, पाऊस, उंची, गवताच्या जाती आणि गुरांचे प्रमाण निराळे आहे. दाट सदाहरित रानात तर गवत माजण्याचा प्रश्नच फारसा येत नाही आणि तिथे जनावराचा वावर बहुधा नुकसानच करतो. ‘आमच्याकडे असे आहे’ एवढे म्हटले असते, तर सांगण्याचे वजन वाढले असते.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. माणशी शुल्क माफक आहे आणि ते पठाराच्या प्रवेशशुल्काहून वेगळे द्यावे लागते. प्रवेशाचे ऑनलाइन आरक्षण आपले आपण करायचे. सुटीच्या दिवशी जाऊ नये. गट लहान ठेवतात आणि ठरलेली वाट सोडू देत नाहीत. एका पाहुण्याने छायाचित्रासाठी फुलांत पाऊल टाकताच त्याला नम्रपणे, पण लगेच मागे बोलावले गेले, हे मला फार भावले. ओल्या कातळावर न घसरणारे बूट हवेत. चालणे अवघड नाही, त्यामुळे ज्येष्ठांना आणि दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांना जमेल. दुर्बिणीपेक्षा हातातले भिंग अधिक उपयोगी पडते. ते आयोजकांकडे एकच होते, म्हणून आपले न्यावे. फुलांच्या आणि कीटकांच्या मराठी नावांची छापील यादी दिली जात नाही, ती दिली तर घरी परतल्यावरही लोक शोध घेत राहतील.

केवळ फुलांच्या गालिच्यासोबत छायाचित्र हवे असेल, तर या फेरीची गरज नाही. पण शेती, पशुपालन, वनव्यवस्थापन किंवा मधपाळी यांच्याशी ज्यांचा संबंध आहे, आणि ‘चराईबंदी’ हा शब्द ज्यांनी ग्रामसभेत ऐकला अथवा उच्चारला आहे, त्यांनी ती जरूर करावी. मी पाचपैकी चार गुण देते. राखून ठेवलेला एक गुण फेरीच्या वेळेसाठी आणि रानातल्या घाईसाठी आहे. आरक्षण करताना फेरी उशिरा सुरू करण्याची आणि दरडीपाशी थांबण्याची विनंती आधीच करावी. पुरेसे लोक मागतील, तर वेळ बदलण्याची आयोजकांची तयारी आहे.