अडालिमुमॅब इंजेक्शन (भारतीय बायोसिमिलर): पाचपैकी चार स्टार, पण टीबीची तपासणी झाल्याशिवाय घेऊ नका

रूमेटॉइड संधिवात असलेल्यांसाठी लिहितेय. मी सुरू करायच्या आधी मराठीत शोधलं तर एकतर "फार भयंकर साइड इफेक्ट" नाहीतर "चमत्कार झाला" एवढंच वाचायला मिळालं. मी घेते ती ह्युमिराची (अडालिमुमॅबचा मूळ परदेशी ब्रँड) इथे बनलेली आवृत्ती, म्हणजेच बायोसिमिलर, आहे, ४० मिलिग्रॅमची भरलेली सिरिंज, दर पंधरा दिवसांनी एक. ब्रँडचं नाव देत नाही, बऱ्याच कंपन्यांची मिळतात, तुमचे डॉक्टर लिहून देतील ती घ्या.

आधी फरक सांगते. मेथोट्रेक्सेट (संधिवातावरचं नेहमीचं औषध) चालू असूनही सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं आखडलेली असायची, कुकरचं झाकण लावता यायचं नाही, कणीक मळणं तर सोडूनच दिलं होतं, वेणी घालायला पण लेक लागायची. पहिल्या इंजेक्शननंतर दोन दिवसांत काही होत नाही, तशी अपेक्षाच ठेवू नका. आणि मला आधी फरक जाणवला तो सांध्यात नाहीच, ती जी कायमची अंगात कणकण असते ना, दुपारी गळून जाणं, ताटावर बसलं की नको वाटणं, ते पहिलं कमी झालं. मग हळूहळू बोटांची सूज उतरली, तीनेक महिन्यांनी सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) पण नॉर्मलला आला. आता पोळ्या मीच करते.

हे असं का, ते डॉक्टरांनी नीट समजावलं आणि मला वाटतं हे प्रत्येक पेशंटला कळायला हवं. हे इंजेक्शन पेनकिलर नाही, ते टीएनएफ अल्फा नावाच्या एकाच पदार्थाला धरून ठेवतं. टीएनएफ आपल्याच पांढऱ्या पेशी बनवतात, मुख्यतः मॅक्रोफेज. जंतू शिरला की हा सुटतो आणि तिथल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर चिकट करतो म्हणजे रक्तातून वाहत जाणाऱ्या पेशी तिथे थांबून बाहेर पडतात, मेंदूला ताप चढवायला लावतो, भूक मारतो, आयएल-६ नावाच्या अशाच दुसऱ्या पदार्थाला जागं करतो आणि त्यावरून लिव्हर सीआरपी बनवायला लागतं. म्हणजे आपण ज्याला आजारपण म्हणतो त्यातलं बरंचसं जंतूचं नसून याचंच असतं. संधिवातात जंतू नसतानाही सांध्याच्या अस्तरात हा सतत बनत राहतो, अस्तर सुजून जाड होतं, आणि हाड खाणाऱ्या पेशी असतात त्यांना पण हाच चेतवतो. एक्स-रेत हाडाच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात त्या त्यामुळे.

खंगण्याचं पण तसंच. १९७५ साली न्यूयॉर्कला लॉइड ओल्ड यांच्या टीमला उंदरांच्या रक्तात कॅन्सरच्या गाठी मारणारा पदार्थ सापडला, तिकडे अँथनी सेरामी दीर्घ आजारात जनावरं खंगत का जातात ते शोधत होते, आणि १९८५ च्या सुमाराला कळलं की दोघांच्या हाती लागलेला पदार्थ एकच आहे, हाच टीएनएफ. मग लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी १९९२ मध्ये संधिवाताच्या पेशंटना टीएनएफ अडवणारी अँटीबॉडी देऊन बघितली आणि सूज उतरली. अडालिमुमॅबला अमेरिकेत मंजुरी मिळाली २००२ च्या शेवटी. मैनी जन्माने लुधियानाचे, हे वाचून मला उगाच आपलं माणूस वाटलं.

आता महत्त्वाचं. टीएनएफ वाईट नाही, तो लागतो. आपल्याकडे कितीतरी जणांच्या फुफ्फुसात टीबीचे जंतू झोपलेले असतात, त्यांच्याभोवती पेशींचं कडं असतं आणि ते कडं टिकवून ठेवायला टीएनएफ लागतो. तो दाबला की कडं ढिलं पडतं आणि जुना टीबी उठतो, कधीकधी फुफ्फुस सोडून भलतीकडेच. २००१ मध्येच याच गटातल्या इन्फ्लिक्सिमॅबवर असे ७० पेशंट नोंदले गेले होते. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, टीबी गोल्ड (रक्ताची तपासणी) नाहीतर मँटू (हातावर टोचून करतात ती), शिवाय हिपॅटायटिस बी-सी आणि एचआयव्ही. माझ्या आत्यांना टीबी झाला होता आणि मी लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडेच असायचे, हे डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं आणि फाइलवर लिहून घेतलं. माझे रिपोर्ट निगेटिव्ह आले. पॉझिटिव्ह आले तरी दार बंद होत नाही, आधी सुप्त टीबीच्या गोळ्या सुरू करतात, साधारण महिनाभरानं इंजेक्शन. या तपासण्या न करता कोणी थेट इंजेक्शन लिहून देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा, खरंच जा.

टोचायचं अवघड नाही. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायची, गरम पाण्यात वगैरे धरायची नाही, हलवायची नाही. आतलं पाणी स्वच्छ दिसायला हवं, गढूळ असेल तर घ्यायची नाही. पोटावर बेंबीपासून दोन इंच तरी लांब किंवा मांडीवर, चिमटीत कातडी धरून तिरकी सुई, दर वेळी जागा बदलून. सुई कळतच नाही पण औषध आत जाताना चांगलंच झोंबतं, सायट्रेट (औषधात मिसळलेला एक क्षार) असलेल्या सिरिंजला जास्त. सायट्रेट-फ्री मिळत असेल तर तीच मागा.

एक स्टार कापला तो औषधासाठी नाही, ते पेशंटपर्यंत येतं कसं त्यासाठी. हे २ ते ८ डिग्रीत राहायला लागतं, आणि एका मेडिकलवाल्यानं भर उन्हाळ्यात साध्या कॅरीबॅगेत पाघळलेल्या आइसपॅकसोबत हातात दिलं, पॅक हाताला कोमट लागत होता. मी घेतलं नाही, परत केलं. तेव्हापासून स्वतःचा थर्मास बॉक्स नेते. घरी पण फ्रीझरच्या जवळ ठेवू नका, गोठलं तर वाया गेलं.

खर्च आहेच. २०१४ च्या डिसेंबरमध्ये झायडसनं जगातलं पहिलं अडालिमुमॅब बायोसिमिलर भारतात आणलं, अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्यात, त्यानंतर बाकीच्या कंपन्या आल्या म्हणून आपल्यासारख्यांना विचार तरी करता येतो. तरी मध्यमवर्गीय घराला जड जातं, आणि अॅडमिट न होता घेतात म्हणून माझ्या विम्यात बसलं नाही. तुमच्या पॉलिसीत बसतं का ते लेखी विचारा.

बरं वाटलं म्हणून मेथोट्रेक्सेट आपल्या मनानं सोडू नका, ते चालू असलं की शरीर या इंजेक्शनविरुद्ध अँटीबॉडी कमी बनवतं आणि औषध जास्त काळ लागू पडतं. ताप, लांबलेला खोकला, वजन उतरणं यातलं काही असेल तर पुढचा डोस थांबवून आधी डॉक्टरांना फोन, कारण टीएनएफ दाबलेला असताना ताप कमीच दिसतो, ९९ आहे म्हणून घरी बसू नका. जिवंत जंतूंच्या लशी या काळात चालत नाहीत, फ्लूची साधी लस चालते, मी दरवर्षी घेते.