सरकारी वकिलाने काम कुठे करावं, एसईसीत (शेअर बाजारावर नजर ठेवणारी अमेरिकी संस्था) की जस्टिस डिपार्टमेंटमध्ये (न्याय खातं)?
अमेरिकेत क्रिप्टोवाल्यांच्या मागे लागायचं तर सरकारी वकिलाला मुख्य वाटा दोनच. एसईसीत सगळं दिवाणी, दंड, कमावलेला नफा परत, बंदी, तुरुंग नाहीच. पण डोक्याला खुराक इथेच, कारण टोकन (क्रिप्टोचं नाणं) मुळात सिक्युरिटी, म्हणजे शेअरसारखी गुंतवणूक, आहे का हेच आधी सिद्ध करायचं आणि तेही सुप्रीम कोर्टाच्या १९४६ च्या हॉवी निकालावरून, जो फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागांचा होता! रिपल या क्रिप्टो कंपनीचं बघा ना, २०२३ मध्ये कोर्ट म्हणालं की बड्या संस्थांना थेट विकलं ते सिक्युरिटी, एक्स्चेंजवर विकलं ते नाही, आणि टोकन एकच. जस्टिस डिपार्टमेंटचा फेडरल प्रॉसिक्युटर, म्हणजे फौजदारी खटले चालवणारा वकील, मात्र वायर फ्रॉड (फोन-इंटरनेटवरून केलेली फसवणूक) लावतो, तिथे हा वाद फारसा येत नाही पण ज्युरीपुढे पुरावा एकदम पक्का लागतो. बुडालेल्या एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजचा संस्थापक बँकमन-फ्राइड याला २०२४ मध्ये २५ वर्षं तुरुंगाची शिक्षा झाली ती याच वाटेने. कायदा मुळापासून शिकायचा तर मी एसईसीच म्हणेन.