कवटी की भुंगा? दोन जुनी लटकन घड्याळं

गळ्यात किंवा साखळीला लावायचं जुनं घड्याळ घ्यायचंय आणि मन अडलंय ते चांदीची कवटी की मीनाकारीचा भुंगा यावर, तर आमचा कौल कवटीला. बाजारात मिळणारी दोन्ही बहुधा 19व्या शतकाच्या उत्तरार्धातली, आत बऱ्याचदा सिलिंडर यंत्रणा, म्हणजे चाकाचे दात एका बारीक पोकळ नळीवर (सिलिंडरवर) अडत-सुटत घड्याळाची चाल राखतात ती. खरा फरक कवचात आहे.

कवटीचा जबडा उघडला की तबकडी दिसते. मरणाची आठवण राहावी म्हणून 17व्या शतकात युरोपात अशी घड्याळं घडवली जात. स्कॉटलंडची राणी मेरी हिचं म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कवटी-घड्याळाच्या पुढे नकलाही निघाल्या. ‘1620चं’ म्हणून कुणी मिनिटकाट्याचं घड्याळ दाखवलं तर थांबा. मिनिटं दाखवण्याइतकी चाल नेमकी करणारी बॅलन्सची (झुलत्या चाकाची) स्प्रिंग 1675च्या सुमारास आली. त्याआधीच्या अशा घड्याळांना सहसा एकच काटा असे.

जबडा अर्धा उघडा आणि बोटाने आडवा हलवून पाहा. खडखडला तर बिजागरीची पिन झिजली आहे. ती बदलता येते. पण बिजागरीपाशी करडं, मऊ झाळकाम दिसलं तर ते शिशाचं असतं. पुढे चांदीचा पक्का जोड द्यायला तापवलं की शिसं चांदीत उतरतं आणि तिला भोकं पाडतं. असा नग आम्ही घेणार नाही.

भुंगा देखणा. कळ दाबली की पंख फाकतात, खाली तबकडी. पण पंख झटक्याने उघडत राहिले की बिजागरीजवळच्या मीन्याला केसाएवढी चीर जाते. तो पुन्हा भाजायचा तर सुमारे 800 अंश सेल्सिअस उष्णता लागते, त्याआधी त्यावर हिरे जडवलेले असले तर ते काढावे लागतात. म्हणून बहुतेक दुरुस्त्या राळेच्याच. 10 पट भिंग आणि अतिनील टॉर्च सोबत न्या. राळेचा ठिगळ बहुधा वेगळा चमकतो. पंख उघडताना दुसऱ्या बोटाने नेहमी धरून ठेवा.

यंत्र दोन्हींचं सारखंच तपासायचं: एक दिवस आडवं, एक दिवस लटकवून चालवा. तेल सुकलं की चाकाचे दात सिलिंडरची कड कुरतडतात आणि घड्याळ मध्येच थांबतं. तयार सिलिंडर क्वचितच मिळतो. नवा खरादावर घडवणारे घड्याळजी थोडेच उरलेत. दिवसाला चार-पाच मिनिटांचा फरक चालेल. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत मात्र घामट अंगावरून उतरवल्यावर आधी पुसा, मग सिलिका जेलच्या डबीत ठेवा.