ओटीपीतले सहा आकडे वाचले, शब्द वाचलेच नाहीत

ऑनलाइन फसवणुकीत ₹57,140 आणि क्रेडिट कार्डाचे 1,62,400 पॉइंट गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण नातेवाइकांत तो दर वेळी वेगळा फिरतोय. जाऊबाईंच्या तोंडी तर तो तीन लाखांवर पोचलाय.

मी बडोद्याची. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात बावीस वर्षं अकाउंट्स बघते. लोकांची बिलं पकडणं हेच माझं काम, म्हणून जास्त लाज वाटते. पॉइंट काही लॉटरीत लागले नव्हते. गॅस, विमा, मुलाची पुण्याची फी, खंडेराव मार्केटच्या भाजीखेरीज घरातला प्रत्येक खर्च सहा वर्षं कार्डावर टाकून आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरून जमवलेले. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. दिवाळीच्या सुटीत व्हिएन्ना तीन रात्री, प्राग दोन, बस. आमचे हे म्हणत होते, राजवाडाच बघायचा तर लक्ष्मी विलास काय वाईट आहे? त्यांचं ऐकायला हवं होतं, पण हे त्यांना सांगू नका.

बँकेच्या कॅटलॉगमधून मिक्सर-बिक्सर घेतलं तर पॉइंटला पंचवीस पैसे मिळतात, तेच पॉइंट विमान कंपनीकडे वळवून तिकीट काढलं तर कितीतरी जास्त, हे गणित मला पाठ होतं. अडलं सीटवर. पॉइंटवरच्या सीट मोजक्याच असतात, बऱ्याच कंपन्या त्या सुमारे अकरा महिने आधी उघडतात, आणि मी जुलैत दिवाळीच्या सीट शोधत होते. एका टेलिग्राम ग्रुपवर विचारलं. दहा मिनिटांत खासगी मेसेज आला: "ताई, मी बघतो."

तो मराठी बोलायचा, चांगलं पुण्याकडचं. बडोद्यात दिवसभर गुजराती आणि हिंदी कानावर पडतं. फोनवर कोणी "ताई, सयाजीरावांच्या गावच्या ना तुम्ही?" म्हटलं की आपण निम्मे तिथेच विरघळतो. त्याला माहितीही खरी होती. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या, व्हिसाचे माणशी 90 युरो, व्हिएन्नात जास्त रात्री म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे, व्हिएन्ना ते प्राग रेल्वेने चारेक तास. प्रागचं 1410 सालचं घड्याळ तासाला वाजतं तेव्हा खाली पाकिटं मारतात, सांभाळा, असंही बजावलं मेल्याने.

28 जुलैला सीट शोधायची फी ₹2,500. 6 ऑगस्टला "व्हिसाची लवकरची तारीख" म्हणून ₹6,000. 12 ऑगस्टला, मंगळवारी, अहमदाबादहून जायच्या-यायच्या प्रवासाचा पीएनआर आला. मी काही आंधळी नाही. विमान कंपनीच्या साइटवर जाऊन तो टाकून बघितला. दोघांची नावं, तारखा, सगळं बरोबर दिसलं. आता कळलं की नुसता पीएनआर म्हणजे सीट धरून ठेवल्याची नोंद असू शकते. तिकीट निघालं की तेरा आकडी तिकीट नंबर येतो. तो नसेल तर तुमच्याकडे तिकीट नाही, फक्त सहा अक्षरं आहेत.

मग टॅक्सचे ₹48,640 यूपीआयने मागितले. पॉइंटच्या तिकिटावरही टॅक्स आणि सरचार्ज रोखीने भरावे लागतात हे खरंच आहे, म्हणून मला खटकलं नाही. पण ते विमान कंपनीच्या साइटवर, आपल्या कार्डाने भरायचे असतात. यूपीआयवर नाव आलं ते कुठल्यातरी बाईचं. "आमच्या अकाउंटंट मॅडम," म्हणाला. मी स्वतः अकाउंटंट मॅडम, मला ते पटलं!

आणि मग ती वेळ. दुपारचे सव्वाचार. जीएसटीचं काम अंगावर, समोर ऑडिटरचा मुलगा बसलेला. फोन आला: "ताई, पॉइंट ट्रान्सफर करतोय, ओटीपी आला असेल, पटकन सांगा, सीट सुटतेय." कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि जन्मतारीख त्याने "व्हिसा फॉर्मसाठी" आधीच घेतली होती. मेसेज आला. मी सहा आकडे वाचून दाखवले. त्या मेसेजमध्ये इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की हा ओटीपी 1,62,400 पॉइंट देऊन गिफ्ट व्हाउचर घेण्यासाठी आहे. विमान नाही, ट्रान्सफर नाही, व्हाउचर. तो शब्द मला दिसला होता, हीच खरी जळजळ आहे. पण व्हाउचर हा शब्द मी दिवसातून शंभर वेळा लिहिते. पेमेंट व्हाउचर, जर्नल व्हाउचर, कॅश व्हाउचर. डोळा त्यावरून घसरून गेला. दुसरा कुठलाही शब्द असता तर मी थांबले असते. असं मी रात्री दोन वाजता स्वतःला सांगते.

पंचवीस पैशांच्या हिशेबाने त्याच्या हाती ₹40,600 ची व्हाउचरं लागली. माझं युरोप त्याने मिक्सरच्या भावाने विकलं.

14 तारखेच्या संध्याकाळी पीएनआर टाकला तर बुकिंग सापडेना. टेलिग्रामवरचं खातंही गायब. रात्रीच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला. दोन दिवसांत पैसे पुढे सरकले होते, एका खात्यात ₹1,912 अडकवले गेले. तुम्ही दोन दिवस घालवू नका, दोन तासही नको. पैसे पहिल्या खात्यात असतात तोवरच काही हाती लागतं.

बँकेचं काय सांगू? हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, "तुमचे पॉइंट यशस्वीरीत्या रिडीम झाले आहेत." अभिनंदनाच्या सुरात. शुक्रवारी पंधरा ऑगस्ट, शनिवारी जन्माष्टमी, मग रविवार. सोमवारी शाखेत गेले तर कार्डाचा विभाग इथे नाही, मेल करा. मेलला उत्तर: ओटीपी ग्राहकाने स्वतः दिला, आणि पॉइंट म्हणजे रक्कम नव्हे. कार्ड गळ्यात मारताना हेच पॉइंट "जवळजवळ कॅशच, मॅडम" होते! व्हाउचर कुठल्या ईमेलवर गेली एवढं तरी सांगा म्हटलं, तर ती माहिती गोपनीय. चोराची.

पोलीस ठाण्यात तर कहर. "बेन, ओटीपी तो तमे ज आप्यो ने?" हो, मीच दिला, म्हणूनच आलेय ना! फॉर्ममध्ये रकमेचा एकच रकाना. पॉइंट कुठे लिहायचे म्हणून तीन टेबलं फिरवलं. शेवटी एकाने 57,140 लिहिलं आणि पॉइंटच्या जागी रेघ मारली. सहा वर्षांवर एक रेघ. वर त्याने विचारलं, "युरोप शा माटे? दुबई जवाय ने." टेलिग्रामचे स्क्रीनशॉट मी दाखवले तर म्हणे प्रिंट काढून आणा, रंगीत. अठ्ठेचाळीस पानं, पानाला दहा रुपये, तेही ₹480 या खात्यावर लिहा.

बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही. मी अर्ज टाकलाय. चूक ग्राहकाची असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, असा 2017 पासूनचा नियम आहे, तेव्हा फार आशा धरून बसलेले नाही.

ज्यांना जायचंच आहे त्यांनी विमान कंपनीचं सभासद खातं स्वतःच्या नावाने उघडा. सीट डोळ्यांनी दिसल्याशिवाय पॉइंट वळवू नका, एकदा वळवले की परत येत नाहीत. आणि तुमचे पॉइंट कोणी "आमच्या खात्यात" मागितले की फोन ठेवून द्या, मराठी कितीही गोड असो.

गुरुवारी पुन्हा ठाण्यात बोलावलंय, आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स घेऊन. मागच्या वेळच्या दोन सापडत नाहीत म्हणे.